रागाच्या भरात, दुःखाच्या भरात: तिरीमिरीत घडणाऱ्या कृतीची साखळी कशी तोडावी

‘आधी विचार कर, मग बोल’ हे ज्यांना सतत ऐकावे लागते, त्यांतले कितीतरी जण एरवी चांगलेच विचारी असतात. घरखर्चाची वही चोख, गावी जायचे तिकीट वेळेत काढलेले, मुलांच्या फीची तारीख पाठ. भावना उसळली की मात्र हीच माणसे तिरीमिरीत राजीनाम्याचा मेल पाठवतात, नको ते बोलून बसतात, रात्री अकराला सात हजारांची खरेदी करतात.

आवेग मोजण्याची ‘यूपीपीएस’ ही पद्धत 2001 मध्ये मांडली गेली. तिच्यात ‘पूर्वविचार न करणे’ आणि ‘त्रासदायक भावनेच्या भरात घाईने वागणे’ हे दोन स्वतंत्र घटक धरले आहेत. आनंदाच्या भरात घाईने वागणे हा घटक पुढे 2007 मध्ये जोडला गेला. पहिल्या घटकात नियोजन शिकावे लागते. बाकी दोन्हींत नियोजन येत असते, ऐन वेळी ते हाताशी राहत नाही. म्हणून ‘विचार कर’ हा उपदेश तिथे वाया जातो.

पुढचे सगळे टप्पे दोन गोष्टींवर उभे आहेत. एक, तीव्र ताणात मेंदूच्या पुढच्या भागाचे, म्हणजे थांबण्याचे आणि तोलून पाहण्याचे काम करणाऱ्या भागाचे कामकाज तात्पुरते ढिले पडते. त्या वेळी नवी युक्ती सुचत नाही, आधी ठरवलेले आणि घोटलेलेच कामी येते. दोन, घाईची कृती केली की लगेच हलके वाटते. नुकसान उद्या कळते, सुटका आत्ता मिळते, आणि मेंदू सुटकेवरून शिकतो. पुढच्या वेळी तीच ऊर्मी आणखी लवकर येते.

थोडक्यात, बहुतेक काम ऊर्मीच्या आधी आणि नंतर करायचे असते. लोक नेमके मधल्या दहा मिनिटांत सगळे साधायला जातात आणि ‘माझ्याच्याने होत नाही’ म्हणून सोडून देतात.

आधी हे वाचा

ऊर्मी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची असेल, तर हा लेख एकट्याने वापरू नका. ‘टेली-मानस’चा 14416 हा सरकारी दूरध्वनी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. धोका समोर असेल तर 112 किंवा 108. अशा घरात कीटकनाशके कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे द्या, शक्य तर साठा घराबाहेरच ठेवा. औषधांच्या गोळ्या एका वेळी आठवड्यापुरत्याच हाताशी असू द्या. आत्महत्येचे कितीतरी प्रयत्न अल्पशा आवेगात होतात. साधन हाताला लागले नाही तर तो काळ टळू शकतो.

टप्पा 1: आपली अडचण कोणती, ते तपासा

मागच्या तीन महिन्यांतले पाच प्रसंग आठवा, ज्यांत कृतीनंतर पश्चात्ताप झाला. प्रत्येकासमोर लिहा: त्याआधीच्या तासात भावना किती तीव्र होती? 0 म्हणजे शांत, 10 म्हणजे याहून जास्त होऊच शकत नाही.

- पाचांतले चार प्रसंग 6 च्या वर असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.
- बहुतेक प्रसंग 3 च्या खाली असतील, लहानपणापासून वस्तू हरवणे, रांगेत थांबता न येणे, दुसऱ्याचे वाक्य तोडणे चालू असेल, तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, तपासणी करून घ्या. तिथला उपाय वेगळा आहे.
- सलग चार दिवस किंवा जास्त काळ झोप कमी घेऊनही थकवा नाही, बोलणे वेगात, खर्च आणि योजना भरमसाट, असे झाले असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. बायपोलर आजारातल्या चढत्या अवस्थेला श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत.

औषधांचीही यादी करा. पार्किन्सन किंवा पायांच्या अस्वस्थतेसाठी दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे काहींमध्ये जुगार, खरेदी, खादाडी यांची अनावर ओढ निर्माण करतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने मनःस्थिती खालीवर होते. फिट्सच्या लेव्हेटिरासिटॅमने चिडचिड वाढू शकते. घरचे म्हणतात ‘म्हातारपणी स्वभाव बदलला’, आणि कारण औषधांच्या डब्यात असते. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका, विशेषतः फिट्सचे.

टप्पा 2: चौदा दिवस फक्त नोंद

या काळात काहीही बदलायचे नाही. रोज रात्री दोन मिनिटे, एका ओळीत पाच गोष्टी: झोप किती तास, शेवटचे नीट जेवण कधी, दिवसातली सर्वांत तीव्र भावना आणि तिचा आकडा, ऊर्मी कसली व किती, कृती झाली का. पाळी येत असेल तर सहावा रकाना, पाळीचा कितवा दिवस. सगळे उद्रेक पाळीआधीच्या आठवड्यात गोळा होत असतील, तर आणखी दोन महिने नोंद ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

नेहमीची चूक: फक्त वाईट दिवस लिहिणे. ऊर्मी 7 होती आणि कृती झाली नाही, ही ओळ सर्वांत मौल्यवान असते. त्या दिवशी काय वेगळे होते, ते तिथेच सापडते.

दुसरी चूक: भावनेच्या जागी निवाडा लिहिणे. ‘त्याने मला किंमत दिली नाही’ ही भावना नव्हे. अपमान, भीती, मत्सर, एकटेपणा, लाज यांतले काय? रागाच्या खाली बऱ्याचदा लाज असते, आणि लाजेवरचा उपाय रागावरच्या उपायाहून निराळा असतो.

*पडताळणी:* चौदांपैकी दहा ओळी भरल्या असतील तर पुढे जा. नसतील तर रकाने तीनवर आणा. नोंद सोडू नका.

टप्पा 3: शांत असताना वाटेत अडथळे ठेवा

ऊर्मी आणि कृती यांच्यात जितक्या पायऱ्या, तितका मेंदूच्या पुढच्या भागाला सावरायला वेळ. दहा मिनिटांत सामान दारात आणणाऱ्या अ‍ॅपनी नेमक्या याच पायऱ्या काढून टाकल्या आहेत. त्या आपण पुन्हा बांधायच्या.

*पैसे.* खरेदीच्या सगळ्या अ‍ॅपमधून साठवलेले कार्ड काढा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवा, लागतील तेव्हाच चालू करा. व्यवहार बंद-चालू करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची ही सोय रिझर्व्ह बँकेने 2020 पासून बंधनकारक केली आहे. यूपीआय रोजच्या खर्चापुरती रक्कम असलेल्या वेगळ्या खात्याला जोडा. पगाराचे खाते यूपीआयपासून दूर राहू द्या.

*शब्द.* जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत मुळात 5 सेकंद असते, ती 30 करा. त्याहून उपयोगी सवय म्हणजे, तापलेला मेल लिहिताना पत्त्याची जागा रिकामी ठेवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, समोरच्याने स्क्रीनशॉट काढलेला असतो. मजकूर लिहायचाच असेल तर नोट्समध्ये लिहा.

*दारू.* घरात साठा नको. आधीच ढिला पडलेला लगाम ती आणखी सोडते. ‘ताण घालवायला दोन पेग’ आणि ‘तोंडातून गेले’ या दोन नोंदी वहीत एकाच तारखेला सापडतात.

*झोप आणि जेवण.* हा सल्ला वाचून लोक पान उलटतात. नोंदवही पाहा: झोप पाच तासांच्या खाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडे किती होते? स्वतःचे उत्तर स्वतःच्या अक्षरात दिसले की पटते.

आनंदाच्या भराला वेगळा अडथळा लागतो, कारण तेव्हा आपण सावध नसतो. बोनस झाला, सामना जिंकला, लग्नाच्या मांडवात कुणी पाठीवर थाप मारली, की माणूस शब्द देतो, जामीन राहतो, सगळ्यांचे बिल भरतो. नियम एकच, आणि तो तोंडी पाठ असू द्या: ‘घरी विचारून उद्या सांगतो.’ उद्याच्या आत होकार नाही. हे वाक्य महाराष्ट्रात कुणालाही खटकत नाही, त्यामुळे बिनधास्त वापरा.

⚠ सगळे अडथळे एकाच दिवशी लावू नका. ज्या कृतीचे नुकसान सर्वांत मोठे, तिच्यासाठी दोन अडथळे, एवढेच पहिल्या आठवड्यात.

टप्पा 4: ‘जर–तर’ वाक्ये आणि घरातला करार

संकल्प ‘मी चिडणार नाही’ असा केला की तो हमखास मोडतो, कारण त्यात करायचे काहीच सांगितलेले नाही. वाक्य असे हवे: जर (दिसेल किंवा जाणवेल अशी खूण), तर (एक छोटी हालचाल).

चूक: ‘जर मला राग आला, तर मी शांत राहीन.’
बरोबर: ‘जर माझा आवाज चढल्याचे कानाला जाणवले, तर मी पाण्याचा ग्लास घेऊन गॅलरीत जाईन.’

खूण 4 ते 6 या आकड्याची निवडा. 8 ची खूण निवडली तर ती ओळखणारे डोके तेव्हा जागेवर नसते. कान गरम होणे, जबडा आवळणे, तोच मेसेज तिसऱ्यांदा वाचणे, वाक्याची सुरुवात ‘तू नेहमी’ने होणे, या चांगल्या खुणा. तीनच वाक्ये करा आणि शांतपणी रोज एकदा प्रत्यक्ष हालचालीसह घोटा. उठून गॅलरीपर्यंत खरेच चालत जा. वेडेपणा वाटेल, पण नुसते वाचलेले वाक्य ऐन वेळी आठवत नाही.

नवरा-बायको, आई-मुलगा, सासू-सून यांच्यात भांडण पेटत असेल तर करार दोघांनी मिळून करायचा. त्यात चार कलमे:

1. थांबण्याचे वाक्य. ‘मी आत्ता थांबते’ असे स्वतःबद्दल. ‘तू शांत हो’ हे वाक्य करारातून बाद.
2. जायची जागा. वन-रूम-किचनमध्ये दुसरी खोली नसते, तेव्हा जिना, गच्ची किंवा खाली दूध आणायला जाणे, हे आधीच ठरवा. रागात गाडीची किल्ली उचलायची नाही.
3. परतीची वेळ. किमान 20 मिनिटे, आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी विषय पुन्हा घ्यायचा.
4. मागे जायचे नाही, फोन करायचा नाही.

तिसरे कलम विसरले की सगळा करार उलटतो. वेळ न सांगता दार ओढून घेणे म्हणजे ज्याला ‘हे मला सोडून जाणार’ अशी भीती असते, त्याच्या आगीत तेल.

टप्पा 5: ऐन वेळी: शरीर, मग वेळ, मग निर्णय

हा क्रम बदलायचा नाही. शरीर तापलेले असताना स्वतःशी वाद घालणे निष्फळ असते, शिवाय तो वाद आपण हरतो.

*क. शरीर (5 ते 10 मिनिटे).* आकडा 7 च्या वर असेल तर गार पाणी. परातीत नळाचे पाणी, त्यात बर्फाचे काही खडे, पण पाणी 10 अंशांच्या खाली नको. श्वास रोखून चेहरा, विशेषतः डोळ्यांखालचा भाग, 15 ते 30 सेकंद पाण्यात. ऑफिसात असाल तर गार पाण्याने भिजवलेला रुमाल डोळ्यांवर आणि गालांवर दाबून, पुढे वाकून, श्वास रोखा. बुडी मारल्यावर शरीर जसे नाडी मंद करते, तीच प्रतिक्रिया जागी होते. नुसते तोंडावर पाणी मारून ती नीट येत नाही.

⚠ हृदयविकार, मंद नाडी, अटेनोलॉल-मेटोप्रोलॉल-प्रोप्रानोलॉलसारखी औषधे, किंवा उपासमार करणारा खाण्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. थेट श्वासावर या.

श्वास: 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटे. इथली सर्रास चूक म्हणजे छाती भरभरून मोठे श्वास घेणे. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, गरगरते, आणि ‘मला काहीतरी होतेय’ ही नवी भीती सुरू होते. श्वास मोठा नको, लांब हवा, तोही बाहेर सोडताना.

रागात उशीवर ठोसे मारू नका. त्याने राग निघून जातो हा समज प्रयोगांत टिकलेला नाही, उलट राग पेटता राहतो. धावण्यानेही रागात फारसा फायदा होत नाही, कारण धडधड वाढतेच. रागाला संथपणा लागतो: मुठी पाच सेकंद आवळा, सोडा, मग खांदे, मग जबडा.

*ख. वेळ (20 ते 30 मिनिटे).* खतपाणी मिळाले नाही तर ऊर्मी साधारण या वेळात ओसरू लागते. फोनवर टायमर लावा आणि दर पाच मिनिटांनी फक्त आकडा लिहा: 8, 8, 7, 8, 6. मधे पुन्हा वर जाणे हे अपेक्षितच आहे, तिथेच लोक ‘उपयोग नाही’ म्हणून सोडतात. खतपाणी म्हणजे: चॅट पुन्हा वाचणे, मनात संवाद रंगवणे, मैत्रिणीला फोन करून सगळा प्रसंग पहिल्यापासून सांगणे. यातले शेवटचे मन मोकळे करण्याच्या नावाखाली चालते, म्हणून जास्त फसवे. फोन करायचाच तर ‘मला वीस मिनिटे दुसऱ्या कशावर तरी बोलत ठेव’ असे सांगून करा.

*ग. निर्णय.* आकडा 5 च्या खाली आला की एकच प्रश्न: ही भावना वस्तुस्थितीला धरून आहे का?

नसेल तर ती जे करायला सांगते त्याच्या उलट, आणि पुरेपूर करा. लाजेने लपावेसे वाटत असेल तर जेवायला सगळ्यांत बसा. धरून असेल, म्हणजे साहेब खरेच तुमचे काम स्वतःच्या नावावर खपवत असतील, तर शांत होणे हा उपाय नव्हे. प्रश्न सोडवावा लागेल: तारखांसह लेखी नोंद, मग भेट. जिथे अन्याय खरा आहे तिथे माणसाला श्वास मोजायला लावणे, ही या विषयातली सगळ्यात मोठी बनवाबनवी आहे.

*पडताळणी:* कृती टळली तरी टप्पा 6 करा. कृती झाली असेल तर नक्की करा, पण त्याच रात्री नको.

टप्पा 6: साखळी कागदावर उतरवा

साखळी म्हणजे प्रसंग कसा घडत गेला, ते एकेक कडी करून क्रमाने लिहिणे. तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीतले हे मुख्य साधन. प्रसंगानंतर 24 तासांच्या आत, अर्धा तास, कागदावर. मनातल्या मनात केलेली साखळी ‘मी अशीच आहे’ इथे येऊन थांबते.

बहुतेकांची साखळी अशी असते: ‘आई बोलली, वाईट वाटले, खरेदी केली.’ यावरून काहीच करता येत नाही. ठाण्याला राहणाऱ्या एका नोकरदार स्त्रीचा असाच एक कल्पित दिवस बारकाईने उतरवला तर असा दिसेल:

- आदली रात्र: झोप साडेचार तास.
- दुपारी 1:30: मीटिंग लांबली, डबा तसाच. दोन चहा.
- 7:10: स्टेशनच्या पुलावर गर्दीत आईचा फोन उचलला. ‘तुला कुठे वेळ असतो आमच्यासाठी.’ (ठिणगी)
- 7:12: ‘कितीही केले तरी कमीच.’ घसा दाटला. आकडा 6.
- 7:15: गर्दीत रडता येईना, म्हणून फोनमध्ये डोके. खरेदीचे अ‍ॅप.
- 8:30: घरी. जेवण नको म्हटले. पुन्हा अ‍ॅप.
- 10:50: तीन कुर्ते, एक मिक्सर. ‘माझ्यासाठी मीच घ्यायला हवे ना.’ आकडा 7.
- 10:58: कार्ड साठवलेलेच होते. 7,400 रुपये. (कृती)
- 11:00: हलके वाटले. आकडा 3.
- 11:40: अपराधी वाटले. आकडा 7. आईला फोन केला नाही.

11:00 ची ओळ लिहायला सगळे विसरतात किंवा टाळतात. ती नसेल तर साखळी अपुरी आहे, कारण सवय टिकून राहते ती याच ओळीमुळे.

आता कमकुवत कड्या शोधा, आणि त्यांतल्या दोनच निवडा. एक ठिणगीच्या आधीची, एक नंतरची. इथे: ‘जर पुलावर आईचा फोन आला, तर साडेआठला करते असे सांगून ठेवीन’, आणि कार्ड काढून टाकणे. आईचे बोलणे खरे लागले असेल तर तिसरी, सावकाशीची गोष्ट: रविवारी सकाळी आईशी ठरवून बोलणे.

⚠ साखळीत ‘आळशी’, ‘बावळट’, ‘हावरट’ असे शब्द आले की थांबा. स्वतःला झोडपण्याने नवी लाज तयार होते, आणि पुढच्या साखळीची पहिली कडी तीच असते. घरच्यांनीही ही साखळी आरोपपत्र म्हणून वापरू नये. लिहिणाऱ्याने दाखवली तरच पाहावी.

टप्पा 7: झालेले निस्तरा

नुकसान जिथे झाले तिथेच आणि तेवढेच भरायचे. सामान परत करण्याची मुदत पाहून दुसऱ्याच दिवशी परत. चारचौघांत बोललात तर माफीही चारचौघांत, दोन वाक्यांत: काय केले, पुढे काय करणार. ‘पण तूसुद्धा’ हे तिसरे वाक्य नको. दहा वेळा माफी मागणे, महागडी भेट आणणे, रडून समोरच्याला आपलीच समजूत काढायला लावणे, ही निस्तरण्याच्या वेषातली पुढची ऊर्मी असते.

केव्हा तज्ज्ञांकडे जायचे

सहा आठवडे हे टप्पे करूनही कृतींची संख्या घटत नसेल, नोकरी किंवा नाते धोक्यात असेल, कर्ज वाढत असेल किंवा दारूशिवाय आकडा खाली येत नसेल, तर जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ‘मला राग फार येतो’ एवढेच सांगू नका. चौदा दिवसांची नोंद, दोन साखळ्या आणि सध्याच्या औषधांची यादी बरोबर न्या. कुटुंबात कुणाला बायपोलर किंवा थायरॉइडचा आजार असेल तर तेही कागदावर लिहून ठेवा. समुपदेशक निवडताना सरळ विचारा: डीबीटीची कौशल्ये शिकवता का, आणि आठवड्याचा गृहपाठ तपासता का?